शेवटच्या अक्षरापासून

टाटा मोटर्सच्या गाडीचा चासी नंबर एम, ए, टी या तीन अक्षरांनी सुरू होतो. बजाजच्या दुचाकीचा एम, डी, २ ने आणि महिंद्राच्या गाडीचा एम, ए, १ ने. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात ज्यांचं पोट गाड्यांवर चालतं, त्यांना हे पाठच असतं. पूर्ण नंबर सतरा चिन्हांचा. आंतरराष्ट्रीय मानकानं तसं ठरवून दिलं आहे. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच येत नाहीत, कारण पत्र्यावर ठोकलेला ओ आणि शून्य, आय आणि एक यांत घोटाळा होतो. उरली इंग्रजीची २३ अक्षरं आणि १० अंक. या ३३ चिन्हांतून जगातल्या प्रत्येक गाडीला स्वतःचं नाव मिळतं.

हा नंबर पत्र्यावर असतो तसा गाडीच्या आतही असतो. इंजिन, ब्रेक, एअरबॅग असं सगळं सांभाळणारे छोटे संगणक गाडीत बसवलेले असतात आणि त्यांतल्या कित्येकांच्या मेमरीत हीच सतरा अक्षरं लिहिलेली असतात. लाइनच्या शेवटी, ज्या जागेला शॉपमध्ये ईओएल म्हणतात, तिथे टेस्टर गाडीला जोडला जातो आणि तो आतल्या संगणकाला विचारतो, तुझा नंबर काय? हे विचारण्याची भाषाही ठरलेली आहे: सेवा क्रमांक २२, माहितीचा क्रमांक एफ१९०. आलेलं उत्तर कागदावरच्या किंवा बारकोड गननं वाचलेल्या नंबराशी ताडलं जातं. जुळलं तर ओके, नाही तर एनजी.

या प्रकरणात आपल्याला बघायचं आहे ते हे ताडणं. दोन अक्षरमाला सारख्या आहेत का, एवढाच प्रश्न. याहून साधा प्रश्न संगणकाला क्वचितच कुणी विचारत असेल. पण तोच प्रश्न प्रोसेसरच्या सर्वांत खालच्या भाषेत, म्हणजे असेम्ब्लीत विचारायला गेलं, की त्यावर किती जणांनी डोकं खपवलं आहे ते कळतं.

सुरुवात ८०५१ पासून करू. महाराष्ट्रात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि या चिपशी गाठ पडली नाही, असं सहसा होत नाही. इंटेलनं ती १९८० साली आणली. आत प्रोग्रॅमसाठी ४ किलोबाइट आणि कामाच्या मेमरीसाठी अवघे १२८ बाइट. दोन चासी नंबर शेजारी-शेजारी ठेवले तर ३४ बाइट तिथेच संपले. बारा मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला की तिचं एक चक्र बरोबर एका मायक्रोसेकंदाचं होतं, त्यामुळे वेळेचा हिशेब बोटांवर करता येतो. शिकवायला ही चिप अजूनही वापरतात, त्याचं हे एक चांगलं कारण आहे. आजच्या प्रोसेसरवर असा हिशेब हातानं मांडायला बसलात तर संध्याकाळ होईल.

दोन नंबर मेमरीत आहेत, एकाची सुरुवात आर-शून्य दाखवतो, दुसऱ्याची आर-एक. पुस्तकात शिकलेली तुलनेची आज्ञा सीजेएनई, म्हणजे ‘ताडून बघ आणि सारखं नसेल तर उडी मार’. विद्यार्थी पहिल्यांदा तीच वापरायला जातो आणि असेम्बलर ती नाकारतो. अॅक्युम्युलेटरमधलं अक्षर ठरावीक पत्त्यावरच्या अक्षराशी ताडायला ही आज्ञा तयार असते, पण पॉइंटरनं दाखवलेल्या अक्षराशी नाही. मग वाट वाकडी करावी लागते. पहिल्या नंबरातलं अक्षर अॅक्युम्युलेटरमध्ये आणायचं, एक चक्र. त्याचा दुसऱ्या नंबरातल्या अक्षराशी एक्सॉर करायचा, एक चक्र. दोन्ही अक्षरं सारखी असतील तर उत्तर शून्य येतं. शून्य नसेल तर बाहेर उडी, दोन चक्रं. दोन्ही पॉइंटर एकेक घर पुढे सरकवायचे, प्रत्येकी एक चक्र. मोजणी एकानं कमी करून परत वर, दोन चक्रं. बेरीज आठ. सतरा अक्षरांना १३६ मायक्रोसेकंद, आणि प्रोग्रॅमची लांबी फक्त आठ बाइट.

आता हेच घाईत करायचं असेल तर? दोन्ही नंबरांच्या जागा कायमच्या ठरलेल्या असतील तर पॉइंटर हवेतच कशाला. फेरा मोडून सतरा वेळा तेच लिहायचं: अक्षर आण, सीजेएनईनं ताड. आता ती आज्ञा कुरकुर करत नाही, कारण पत्ता ठरावीक आहे. दर अक्षराला तीन चक्रं, एकूण ५१ मायक्रोसेकंद. प्रोग्रॅम मात्र आठ बाइटवरून ८५ बाइटवर गेला. असेम्ब्लीतल्या वेगाचा सौदा बहुतेक वेळा असाच असतो. वेळ वाचवायचा तर जागा द्यावी लागते, आणि जागा १२८ बाइट आणि ४ किलोबाइट असेल तर कारकून जसा पेट्रोलचा हिशेब विचारतो तसा प्रत्येक बाइटचा हिशेब मागावा लागतो.

इथपर्यंतची युक्ती कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळते. त्यात एक मोठी गोष्ट राहून गेली आहे: आपण काय ताडतो आहोत हे कुणी पाहिलेलंच नाही. एकाच कारखान्यातून, एकाच मॉडेलच्या, एकाच महिन्यात निघालेल्या दोन गाड्यांचे नंबर समोर ठेवा. पहिली तीन अक्षरं कंपनीची, ती तीच. मधली मॉडेल आणि इंजिनाच्या प्रकाराची, तीही तीच. वर्षाचं अक्षर तेच. कारखान्याचं अक्षर तेच. फरक सुरू होतो तो अगदी शेपटाला, अनुक्रमांकात. आपला फेरा मात्र डावीकडून निघतो आणि सोळा वेळा ‘सारखं आहे’ असं म्हणत म्हणत सतराव्या अक्षराला जाऊन थांबतो. चाकणमधल्या एकाच गल्लीतली दोन घरं वेगळी आहेत का हे ठरवायला महाराष्ट्र, जिल्हा पुणे, तालुका खेड इथपासून पत्ता वाचत येण्यातलाच हा प्रकार.

मग शेवटापासून सुरू करायचं. ८०५१ मध्ये त्यासाठी काहीही जास्त मोजावं लागत नाही. पॉइंटर सुरुवातीला शेवटच्या घरावर ठेवायचे आणि ‘एकानं वाढव’च्या जागी ‘एकानं कमी कर’ लिहायचं. दोन्हींना एकेकच चक्र लागतं. ज्या दोन गाड्यांचा फक्त शेवटचा अंक वेगळा आहे, त्यांना पुढून ताडायला १३२ मायक्रोसेकंद लागत होते. मागून ताडायला चार. ५१ मायक्रोसेकंदांसाठी ८५ बाइट खर्च करणाऱ्यानं हे आधी बघायला हवं होतं, असं मला वाटतं. असेम्ब्लीतली अर्धी हुशारी आज्ञा पाठ असण्यात असते, उरलेली अर्धी माहिती कुठून येते हे ठाऊक असण्यात. आणि ही दुसरी अर्धी शॉप फ्लोरवर उभं राहिल्याशिवाय हाती येत नाही.

गेटवरच्या कॅमेऱ्यानं वाचलेल्या नंबर प्लेटचंही तेच. पिंपरी-चिंचवडच्या आरटीओची गाडी म्हणजे एमएच १४. तळवडे, भोसरी किंवा चाकणच्या एमआयडीसीत दिवसभर ये-जा करणाऱ्या टेम्पोंत एमएच १४ आणि एमएच १२ चीच दाटी. पहिली चार चिन्हं ताडून हाती जवळजवळ काहीच लागत नाही.

पण ही युक्ती डोळे झाकून सगळीकडे लावू नका. ईओएलवर नंबर जुळणं हीच रीत आहे, न जुळणं हा अपवाद. जुळणारे नंबर पुढून ताडा की मागून, सतराही अक्षरं बघावीच लागतात; तिथे मागून सुरू केल्यानं काही वाचत नाही. एका गाडीचा नंबर हजारो नंबरांच्या यादीत शोधायचा असेल, तेव्हा मात्र बहुतेक तुलना ‘नाही’ म्हणून संपतात आणि ‘नाही’ लवकर कळणं यातच सगळी कमाई असते. म्हणून वेग वाढवण्याआधी विचारायचा प्रश्न असा, की माझ्याकडे जास्त वेळा ‘हो’ येणार आहे की ‘नाही’?

आता मोठ्या प्रोसेसरकडे येऊ. ८०५१ एका वेळी एक बाइट उचलते. आज गाडीत बसणारे बरेचसे कंट्रोलर ३२ बिटांचे, म्हणजे एका घासात चार बाइट. ऑफिसातल्या इंटेलच्या प्रोसेसरला २००० सालच्या पेंटियम ४ पासून एका घासात सोळा बाइट घेता येतात. आणि इथे सतरा हा आकडा त्रास द्यायला लागतो. चार चोक सोळा, एक उरला. सोळा एके सोळा, एक उरला. त्या एका अक्षरासाठी वेगळी आज्ञा, वेगळी उडी, वेगळा फाटा. सोळाच चिन्हांचा चासी नंबर ठरवला असता तर प्रोग्रॅमर मंडळींनी मानक ठरवणाऱ्यांना दुवा दिला असता.

यावरचा तोडगा मला या साऱ्या विषयातला सर्वांत देखणा वाटतो. उरलेल्या अक्षरासाठी वेगळा घास घ्यायचाच नाही. पहिला घास १ ते १६ अक्षरांचा. दुसरा घास २ ते १७ अक्षरांचा. मधली पंधरा अक्षरं दोनदा ताडली जातात, जाऊ देत. दोनदा ताडल्यानं उत्तर चुकत नाही, आणि प्रोसेसरला सोळा बाइट ताडायला तेवढाच वेळ लागतो जेवढा एक बाइट ताडायला. ३२ बिटांच्या चिपवर हेच पाच घासांत होतं: १ ते ४, ५ ते ८, ९ ते १२, १३ ते १६ आणि शेवटचा १४ ते १७. प्रत्येक जोडीचा एक्सॉर करायचा, पाचही उत्तरं ऑरनं एकत्र करायची, आणि सगळ्यांच्या शेवटी एकदाच विचारायचं, शून्य आहे का? वाटेत एकही उडी नाही. प्रोसेसरला उड्या आवडत नाहीत. पुढे काय होणार याचा अंदाज बांधून तो कामं आधीच सुरू करतो आणि अंदाज चुकला की केलेलं काम फेकून देतो.

एक अडचण आहे. चौदाव्या अक्षराचा पत्ता चारनं भागला जाईलच असं नाही. एआरएमच्या कॉर्टेक्स-एम३ आणि एम४ या चिप अशा आडव्यातिडव्या पत्त्यावरूनही चार बाइट उचलून देतात. स्वस्तातली कॉर्टेक्स-एम० देत नाही. ती तिथल्या तिथे हार्डफॉल्टमध्ये जाते. टेबलावर मोठ्या चिपवर चाललेला प्रोग्रॅम खर्च कमी करायला लहान चिपवर नेला आणि तो बसला, याचं हे एक नेहमीचं कारण.

इंटेलवर सोळा अक्षरांचा निकाल वाचण्याची पद्धतही गमतीची आहे. पीसीएमपीईक्यूबी ही आज्ञा सोळाही जोड्या एकदम ताडते आणि जुळलेल्या प्रत्येक जोडीच्या जागी २५५ लिहिते, न जुळलेल्या जागी शून्य. मग पीमूव्हएमएसकेबी ही आज्ञा त्या सोळा बाइटांचा एकेक वरचा बिट उचलून सोळा बिटांची एक संख्या बनवते. सगळं जुळलं असेल तर ती संख्या ६५,५३५. नसेल तर नेमकं कितवं अक्षर बिघडलं हे तिच्यातला पहिला शून्य बिट सांगतो.

इथे इंटेलच्याच घरातली एक गोष्ट सांगायला हवी. १९७८ च्या ८०८६ पासून अक्षरमाला ताडायची खास आज्ञा इंटेलच्या प्रोसेसरमध्ये आहे, रिपीट कंपेअर स्ट्रिंग या धाटणीची. एका ओळीत काम होतं. २००८ साली नेहलेम आला तेव्हा त्यांनी आणखी भारी आज्ञा दिली, पीसीएमपीआयएसटीआरआय, जी शेवटचा शून्य बाइटही स्वतःच शोधते. दोन्ही नुसत्या सारखेपणाच्या तुलनेत वर सांगितलेल्या साध्या जोडीपुढे बहुतेक वेळा मागे पडतात. खास कामासाठी बनवलेली आज्ञा आतून लांबलचक काम करते. साध्या आज्ञा छोट्या असतात आणि एकमेकींना खेटून धावतात. ज्यांना ‘खास’ या शब्दाची भुरळ पडते त्यांनी घड्याळ लावून बघावं.

आतापर्यंत आपल्याला लांबी ठाऊक होती, सतरा. सी भाषेत वाढलेल्या प्रोग्रॅमांत बहुतेक वेळा ती ठाऊक नसते. तिथे अक्षरमाला जिथे संपते तिथे शून्य बाइट ठेवलेला असतो आणि तो दिसेपर्यंत चालत राहायचं असतं. मग चार-चार बाइट उचलताना दर वेळी तपासायला हवं, की या चारांत कुठे शून्य आहे का. चार वेळा तपासलं तर वेग गेलाच. १९८७ साली ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ अॅलन मायक्रॉफ्ट यांनी यावर एक युक्ती मांडली. उचललेल्या चार बाइटांतून हेक्समधले ०१०१०१०१ वजा करा, म्हणजे प्रत्येक बाइटमधून एक. जो बाइट शून्य होता त्याला एक वजा करायला हातचा घ्यावा लागतो आणि त्याचा सर्वांत वरचा बिट पेटतो. वरचे बिट तेवढे वेगळे काढा, ८०८०८०८० शी अँड करून. एकही पेटलेला नसेल तर शून्य नाही. तीन आज्ञांत चार बाइटांचा निकाल.

फक्त यात एक खोट आहे, आणि ती थेट आपल्या भाषेशी येऊन भिडते. ज्या बाइटचा वरचा बिट आधीपासूनच पेटलेला आहे, म्हणजे १२८ च्या वरचे बहुतेक सगळे आकडे, ते वजाबाकीनंतरही पेटलेलेच राहतात. त्यांना चाळून काढायला मूळ संख्या उलटी करून आणखी एकदा अँड करावं लागतं. इंग्रजी मजकुरात असे बाइट नसतातच, म्हणून काहींनी ही चौथी पायरी गाळली: खोटी हाक आलीच तर तेव्हा सावकाश तपासू. आता मराठी घ्या. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांचं असतं. पहिला बाइट कायम २२४, दुसरा १६४ किंवा १६५, तिसऱ्यात काय तो फरक. तिन्ही १२८ किंवा त्याहून मोठे. म्हणजे गाळलेल्या पायरीचा प्रोग्रॅम मराठी मजकुरावर दर चार बाइटांना ‘शून्य सापडलं’ म्हणून ओरडणार आणि दर वेळी सावकाश वाटेला जाणार. इंग्रजीला घोडा आणि मराठीला बैलगाडी. चौथी पायरी ठेवली की दोघांना एकच वाहन मिळतं, आणि ती ठेवावीच.

शून्य शोधत चालण्यात दुसरीही एक भानगड आहे. मेमरी ४,०९६ बाइटांच्या पानांत वाटलेली असते. अक्षरमाला पानाच्या शेवटच्या तीन बाइटांत संपत असेल आणि आपण सोळा बाइटांचा घास घेतला, तर उरलेले तेरा पुढच्या पानावरचे. ते पान आपलं नसेल तर प्रोग्रॅम जागीच मरतो. उपाय असा की घास नेहमी सोळानं भागल्या जाणाऱ्या पत्त्यावरूनच घ्यायचा. ४,०९६ ला सोळानं पूर्ण भाग जातो, त्यामुळे असा घास पानाची हद्द कधीच ओलांडत नाही. पण दोन अक्षरमाला ताडताना एकीचा पत्ता सोळावर बसवला तरी दुसरीचा बसेलच असं नाही. वेगवान तुलनेचे, सी भाषेच्या जीलिबसीसारख्या खुल्या प्रोग्रॅमसंचांतले असेम्ब्ली प्रोग्रॅम उघडून पाहिले तर त्यांतल्या बऱ्याचशा ओळी याच एका काळजीपोटी लिहिलेल्या दिसतात.

या सगळ्यानं लाइनवर किती वेळ वाचतो? खरं सांगायचं तर काहीच नाही. मोटारीच्या लाइनवर दर गाडीला मिनिटाच्या आसपास वेळ मिळतो. बारकोड गनला नुसता नंबर वाचायला मिलिसेकंद लागतात. तुलना ८०५१ वर १३६ मायक्रोसेकंदांत झाली काय आणि इंटेलवर दोन-तीन नॅनोसेकंदांत झाली काय, ऑपरेटरला कळतही नाही. एक कोटी नंबरांच्या यादीत शोधायचं असेल तर? यादी १७ कोटी बाइटांची. ती प्रोसेसरजवळच्या छोट्या मेमरीत मावत नाही, मुख्य मेमरीतून ओढावी लागते, आणि सेकंदाला दहा अब्ज बाइट येत असले तरी १७ मिलिसेकंद नुसते वाहतुकीचे. तुलना कितीही चलाख करा, माल यायची वाट बघणं आलंच. त्यापेक्षा यादी आधी क्रमानं लावून ठेवली तर निम्मी-निम्मी टाकत जास्तीत जास्त २४ तुलनांत नंबर सापडतो. एक कोटीच्या जागी चोवीस. असेम्ब्लीला हात घालण्याआधी हे करावं, आणि हे केल्यावर बहुतेक ठिकाणी असेम्ब्लीची गरजच उरत नाही. कंपायलरबरोबर येणारी, बाइट ताडणारी तयार मेमसीएमपी वापरा. ती लिहिणाऱ्यांनी वरची सगळी दुखणी आधीच सोसलेली आहेत.

वेगाच्या नादात काय गमावलं जातं ते मात्र थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे चूक महागात पडते. पहिलं न जुळणारं अक्षर दिसताच थांबायचं, हा आपल्या तुलनेचा गाभा. आता नंबराच्या जागी गाडीच्या कंट्रोलरची गुप्त चावी आहे असं समजा, चार बाइटांची. आंधळेपणानं सगळ्या शक्यता तपासायच्या तर त्या होतात ४२९ कोटींहून जास्त. पण आपला ८०५१ चा फेरा दर बरोबर बाइटला आठ मायक्रोसेकंद जास्त घेतो. ऑसिलोस्कोप लावून बसलेल्या माणसाला तेवढं पुरतं. पहिल्या बाइटच्या २५६ शक्यता देऊन पाहायच्या; ज्या एकीला उत्तर आठ मायक्रोसेकंद उशिरा आलं, ती बरोबर. मग दुसरा बाइट. चार गुणिले २५६, फार तर १,०२४ प्रयत्न. चुकलेल्या प्रयत्नांनंतर काही काळ कुलूप लावून बसायची सोय गाडीच्या कंट्रोलरमध्ये ठेवतात ती म्हणूनच, पण ती सोय म्हणजे दुसरा बंदोबस्त. पहिला बंदोबस्त तुलनेतच हवा.

ही कल्पनेतली भीती नाही. बीबीएन कंपनीच्या टेनेक्स या १९७० च्या दशकातल्या संगणकप्रणालीत पासवर्ड असाच एकेक अक्षर ताडला जाई. हल्लेखोर आपला अंदाज मेमरीत असा ठेवी की पहिलं अक्षर एका पानाच्या टोकाला आणि दुसरं अक्षर मेमरीत नसलेल्या पुढच्या पानावर. प्रणालीनं पुढचं पान मागितलं, की पहिलं अक्षर बरोबर आलं हे कळे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्राची सुरक्षाही तुलनेला लागणारा वेळ मोजून फोडली गेली. तिथे सोळा बाइटांची खूण एकेक बाइट ताडली जात होती. यावरचा उपाय आपण वर पाहिलेलाच आहे. सगळे एक्सॉर करा, सगळे ऑर करा, मध्ये कुठेही थांबू नका, शेवटी एकदा विचारा. चासी नंबरासाठी जी पद्धत वेगाकरता वापरली, तीच चावीसाठी गुप्ततेकरता वापरायची.

आणखी एक किस्सा २०१२ चा, थेट वेगवान असेम्ब्लीनं घडवलेला. मायएसक्यूएल हे डेटाबेस सॉफ्टवेअर पासवर्डची खूण मेमसीएमपीनं ताडत होतं आणि आलेलं उत्तर एका बाइटमध्ये ठेवत होतं. जुनी, एकेक बाइट ताडणारी मेमसीएमपी दोन बाइटांमधला फरक परत देई, आणि तो एका बाइटमध्ये ठेवला तरी चुकून शून्य होत नसे. मग जीलिबसीत सोळा-सोळा बाइट घेणारी नवी वेगवान आवृत्ती आली. तिचं उत्तर मोठ्या संख्येत येऊ शके. नियमाप्रमाणे ते चूक नव्हतं. नियम एवढाच सांगतो की सारखं असेल तर शून्य, पहिलं मोठं असेल तर धन संख्या आणि लहान असेल तर ऋण. पण मोठी संख्या एका बाइटमध्ये कोंबली की वरचा भाग कापला जातो, आणि साधारण २५६ वेळांत एकदा उरलेला भाग शून्य निघतो. म्हणजे चुकीचा पासवर्ड देऊन काहीशे वेळा दार ठोठावलं की एकदा ते आपोआप उघडत होतं. असेम्ब्ली लिहिणारा बरोबर होता, डेटाबेस लिहिणाऱ्याचं गृहीतक चूक होतं. वेगवान केलेल्या प्रोग्रॅममध्ये असं वारंवार होतं: नवा तुकडा नियम पाळतो आणि आजूबाजूचे लोक जुन्या सवयींवर विसंबलेले असतात.

आणि आता नंबरांवरून नावांकडे. पिंपरी-चिंचवडमध्येच चऱ्होली आहे. हे नाव युनिकोडमध्ये लिहायचे निदान तीन मार्ग आहेत. ‘ऱ’ हे एकच चिन्ह घेऊन लिहिलं तर २१ बाइट. ‘र’ खाली नुक्ता देऊन लिहिलं तर २४. ‘र’, पायमोडा आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून लिहिलं तरी २४, पण बाइट वेगळे. शिवाय जुन्या टंकलेखनाच्या सवयीनं बरेच जण ‘च-होली’ असं आडवी रेघ देऊन लिहितात, ते १६. वाचणाऱ्याला चारही ठिकाणी एकच गाव दिसतं. असेम्ब्लीतली तुलना, मग ती सोळा बाइटांची असो की बत्तीस, चारही वेगळी ठरवते, आणि लांबी आधी तपासत असेल तर पहिल्याच पावलावर ठरवते. वेगवान तुलना इथे चूक उत्तर जास्त लवकर देते, एवढंच.

पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकनं भारतीय लिप्यांसाठी जिस्ट तंत्रज्ञानाचा प्रसार केला आणि १९९१ साली इस्की हे भारतीय मानक आलं. त्यात देवनागरीचं जवळजवळ प्रत्येक चिन्ह एकाच बाइटचं होतं आणि ‘ऱ’ ला स्वतःची जागा होती. चऱ्होली सात बाइटांत मावे. युनिकोडनं जगातल्या सगळ्या लिप्या एका छताखाली आणल्या, हे मोठंच काम झालं, पण सारखेपणा ठरवायची जबाबदारी त्यानं प्रोग्रॅमरवर टाकली. युनिकोडच्या नियमांप्रमाणे ‘ऱ’ आणि नुक्तावाला ‘र’ हे समान मानायचे असतात. जोडचिन्हवाला आणि आडव्या रेघेचा मात्र त्या नियमांत बसत नाहीत. ते आपले आपल्याला जुळवावे लागतात.

तेव्हा मराठी नावांची, गावांची, पत्त्यांची यादी तुमच्या हाती आली तर आधी सगळी नावं एका रूपात आणून ठेवा, साठवतानाच, एकदाच. मग ताडायला तयार मेमसीएमपी पुरेल. आणि नंबरांची यादी आली तर पहिली चार-दोन उघडून नुसत्या डोळ्यांनी बघा, फरक कुठल्या टोकाला आहे ते.